कच्च्या कामाची वही

वर्गात फिरताना गणित शिकवणाऱ्या बाईंची नजर उत्तरावर फार वेळ नसते. ती असते समासात, पानाच्या पाठीमागे, खोडलेल्या आकड्यांवर. मुलगी हातचा कुठे मांडते, वजाबाकीला बोटं लागतात का, कोनाचं माप लिहून पुन्हा का खोडलं, यावरून तिला काय कळलंय आणि ती कुठे अडलीय हे उमगतं. 2020 च्या जूनमध्ये मोबाइलवर वह्यांचे फोटो येऊ लागले आणि हे सगळं दिसेनासं झालं. मुलं वेगळ्या कागदावर गणित सोडवत, मग पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवत आणि त्या पानाचा फोटो पाठवत. काही जण मित्राच्या फोटोवरूनच उतरवत. पान स्वच्छ, उत्तर बरोबर, आणि ते उत्तर कसं आलं याचा पत्ता नाही.

कोरोनाच्या टाळेबंदीतल्या शिक्षणाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलं. मोबाइल किती घरांत आहे, रेंज किती वाड्यांत येते, धडा किती मुलांपर्यंत गेला, हीच त्या बोलण्याची चौकट होती. हे प्रश्न खरे होते. शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’च्या 2020 च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी 61.8 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. 2018 मध्ये हेच प्रमाण 36.5 टक्के होतं. म्हणजे दोन वर्षांत फोन वाढले. तरीही ऑगस्ट 2021 मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत, गरीब वस्त्यांमध्ये जी पाहणी केली, तीत ग्रामीण भागातली फक्त 8 टक्के मुलं नियमितपणे ऑनलाइन शिकत होती आणि 37 टक्के मुलं अजिबातच शिकत नव्हती. घरात फोन असणं आणि तो मुलाच्या हाती असणं यांत किती अंतर आहे, ते मालवणात आम्हा शिक्षकांना आकडे यायच्या आधीच कळलं होतं. माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. ज्या मुलांपर्यंत धडा पोचला, त्यांचंही शिकणं शिक्षकाला दिसत नव्हतं. हे नुकसान कुठल्याच तक्त्यात आलं नाही, म्हणून ते भरून काढण्याचा विचारही झाला नाही.

मी मालवण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. मार्च 2020 मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर व्हायचा राहिला तो राहिलाच. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी गावी येऊ लागले आणि गावोगावच्या प्राथमिक शाळांत त्यांच्या विलगीकरणाची सोय झाली. जिथे बाकं असायची तिथे गाद्या आल्या. 15 जूनला नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं तेव्हा घोषणा होती ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’. ‘दीक्षा’ ॲपवरची अभ्यासमाला रोज ग्रुपवर यायची. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली. तिचे भाग घरातल्या वस्तू घेऊन करून पाहण्याजोगे होते आणि ज्या घरी टीव्ही आणि वीज दोन्ही धड होती, तिथे मुलांनी ते आवडीने पाहिले.

आमच्या तालुक्यात किनाऱ्यालगत रेंज बरी. आत शिरलं, डोंगराच्या बेचक्यातल्या वाड्यांकडे वळलं, की एका घराच्या खळ्यात आवाज येतो आणि शेजारच्या पडवीत येत नाही. शेजारच्या कणकवली तालुक्यात एका विद्यार्थिनीसाठी तिच्या घरच्यांनी डोंगरावर झोपडी बांधली, ती बातमी देशभर गेली. कौतुक त्या कुटुंबाचं झालं आणि ते योग्यच होतं. मात्र पावसाळ्यात डोंगरावर जाऊन शिकावं लागणं ही जिद्दीची गोष्ट म्हणून सांगून आपण मोकळे झालो, याचं मला आजही वाईट वाटतं.

सुरुवातीला गुगल मीटवर तास घ्यायचे. ‘बाई, तुमचो आवाज तुटक तुटक येता’ हे वाक्य त्या तासांत सर्वांत जास्त ऐकलं. जुलैत भातलावणी, तेव्हा सकाळच्या तासाला मुलं तरवा काढायला गेलेली. 31 जुलैला मासेमारीबंदी संपली आणि ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या. ज्या घरी एकच फोन होता, तिथे तो बापाबरोबर होडीत गेला. तारकर्ली-देवबागला पर्यटन बंद होतं, त्यामुळे न्याहारी-निवास चालवणाऱ्या आणि पर्यटकांना समुद्रात फिरवून आणणाऱ्या घरांत रिचार्जचे पैसे काढणंही जड झालं होतं. एकाच ओटीवर मुंबईहून आलेलं चुलतभावंड लॅपटॉपवर आपल्या शाळेचा तास करतंय आणि इथलं मूल त्याच्या खांद्यावरून बघतंय, हेही पाहिलं. शेवटी तासाची वेळ सोडून दिली. फळ्याचा एक फोटो, त्याबरोबर दोन-तीन मिनिटांचा बोललेला निरोप. फोन घरी येईल तेव्हा मुलांनी ऐकायचा. असा निरोप कमी डेटात उतरतो आणि रेंज गेली-आली तरी चालतं.

त्या काळात रोज रात्री मी एका वहीत लिहीत असे. शाळेत आम्ही टाचण काढतो: घटक, उपघटक, उद्दिष्टं, साहित्य, खाली मुख्याध्यापकांची सही. ते तासाआधी लिहिलेलं असतं आणि काय शिकवायचंय ते सांगतं. ही वही दिवस संपल्यावरची होती आणि तिच्यावर कोणाची सही नव्हती. सुरुवातीच्या पानांवर रेंजचं रडगाणं आहे, ते कोणत्याही शिक्षकाच्या वहीत सापडेल. पण पुढे पुढे प्रश्न बदलत गेले. ‘अमक्याचं उत्तर बरोबर आहे, पण ते त्याचं आहे का?’ ‘ही मुलगी वर्गात कधी बोलत नसे, ती गप्प आहे की फोनच नाही?’ ‘समांतर रेषा आणि छेदिका शिकवलं, व्युत्क्रम कोन कुणाला खरंच दिसले?’ अशा नोंदी वाढू लागल्या. समोर वर्ग असताना हे प्रश्न मनात येतात आणि दुसऱ्याच मिनिटाला मुलाच्या चेहऱ्यावर त्यांचं उत्तर मिळतं, म्हणून ते लिहावे लागत नाहीत. वर्ग नाहीसा झाला तेव्हा ते कागदावर आले.

त्याच वहीतून एक वाट सुचली. मुलांना म्हटलं, वहीचा फोटो नको. गणित कसं सोडवलंत ते मला बोलून पाठवा, चुकलं तर चुकलेलंही सांगा. मग आवाज येऊ लागले. मागे कोंबड्या, पाऊस, कुणाची तरी हाक, आणि मध्ये एक मुलगा सांगतोय, ‘बाई, पयलो कोन मोजलंय, मगे सरळ रेषा म्हणान एकशे ऐंशीतसून वजा केलंय.’ वर्गात तो मुलगा उभा राहून दोन वाक्यं बोलला नसता. घरी, आपल्या मालवणीत, चाळीस जणांच्या नजरा नसताना त्याने रेषीय जोडीतले कोन नीट समजावून सांगितले. दुसऱ्या एका मुलीचं उत्तर अचूक होतं, पण बोलता बोलता कळलं की तिला संगत कोन आणि आंतरकोन एकच वाटतात. त्या आकृतीत माप योगायोगाने जुळलं होतं. फोटोवर मी तिला पूर्ण गुण दिले असते. दूरस्थ शिक्षणाने माझ्या हाती दिलेली ही एकमेव मोलाची गोष्ट आहे आणि मी ती आजही वर्गात वापरते: बरोबर उत्तरावर थांबायचं नाही, ते कसं आलं ते मुलाच्याच बोलीत ऐकायचं.

वरून विचारणा मात्र दुसऱ्याच गोष्टींची होती. आज किती विद्यार्थी जोडले गेले, किती जणांनी लिंक उघडली, किती फोटो अपलोड झाले. नोव्हेंबर 2020 पासून व्हॉट्सॲपवर ‘स्वाध्याय’ चाचणी आली. पर्याय निवडा, गुण लगेच कळतील. दूरच्या कार्यालयात बसून लाखो मुलांचा अंदाज घ्यायला याहून दुसरं काय करता येईल, हा प्रश्न मी समजू शकते. पण मुलाने ‘ब’ पर्याय निवडला एवढ्यावर त्याला शिकवायचं कसं, ते ठरत नाही.

2021 च्या दहावीचा निकाल याच धाग्यातला आहे. परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाला 50, दहावीतल्या लेखी कामाला 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिक-गृहपाठाला 20 गुण असं सूत्र ठरलं. राज्याचा निकाल 99.95 टक्के आणि आमच्या कोकण विभागाचा 100 टक्के लागला. त्या परिस्थितीत मुलांची वर्षं वाचवणं आवश्यक होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या निकालाने आपण निर्धास्त झालो.   जुलैत 45 दिवसांचा ‘सेतू अभ्यास’ आला. मागच्या वर्षाची उजळणी आणि ठरावीक टप्प्यांवर चाचण्या. साऱ्या राज्याला एकच सेतू. प्रत्येक मूल वेगळ्या जागी अडलेलं असताना तो कुठून सुरू करायचा, हे ठरवायला त्या मुलाचं कच्चं काम पाहिलेला शिक्षकच लागतो.

कोणी विचारतं की उत्तम शिक्षकाने एकदा नीट समजावलेलं लाखो मुलांना दाखवलं, तर प्रत्येक शाळेत वेगळा शिक्षक कशाला? समजावून सांगणं हे शिक्षकाचं काम आहेच, आणि ते कोणी माझ्याहून चांगलं करत असेल तर मुलांनी त्याचं जरूर ऐकावं. पण ऐकल्यावर मूल कुठे थबकलं हे त्या पडद्याला कळत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचंच पाहा. त्यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे 1957 मध्ये त्या कोसबाडला गेल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला गेलं असेल तर कुरणात भरवायची, हा त्यांचा रस्ता. अंगणवाडी हा शब्द आज घराघरांत आहे, कुरणशाळा विसरली गेली. त्या दोघींची शाळा जागा बदलत होती, पण बाई मुलाच्या समोरच असायच्या. टाळेबंदीत आमच्यापैकी पुष्कळ शिक्षक वाड्यांवर गेले, मांगरात, देवळाच्या सभामंडपात चार-चार मुलं घेऊन बसले. तेव्हा जे कळलं ते महिन्याभराच्या फोटोंतून कळलं नव्हतं.

म्हणून माझी मागणी साधी आणि नेमकी आहे. शिक्षकाला आठवड्याच्या वेळापत्रकात मुलांबद्दल लिहायला मोकळा तास मिळावा. ती वही तपासणीसाठी नसावी, तिचा नमुना वरून येऊ नये, तिचा फोटो कुठे अपलोड करावा लागू नये. यातलं काही झालं, की तीही पक्की वही होईल. आणि मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना या वहीतलं कामाचं तेवढं पुढच्या शिक्षकाला सांगितलं जावं, समोर बसून. त्यासाठी एकच माहिती चार ठिकाणी भरण्याची कामं कमी करावी लागतील. तेवढी ती खुशाल कमी करावीत.

जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेल्या ग्रामीण मुलाने वर्ग पहिल्यांदा पाहिला तो 1 डिसेंबर 2021 ला, दुसरीत. जानेवारीत शाळा पुन्हा काही दिवस बंद झाल्या. ही मुलं जून 2027 मध्ये आठवीत, माझ्या वर्गात येतील. त्यांच्या प्रगतिपुस्तकावरच्या श्रेणी माझ्याकडे येतीलच. मला हवी आहे ती त्यांच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींशी आणि बाईंशी दोन तासांची बैठक: कोणाला अजून हातचा नीट कळलेला नाही, कोण अपूर्णांकाला घाबरतं, कोण विचारलं तर आपल्या शब्दांत सगळं सांगतं. त्या बैठकीसाठी रजा टाकावी लागू नये.