ऋतू, स्थळ आणि प्रेमकथा

प्रेमकथेत ऋतूचे वर्णन कशासाठी करावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्राचा वाटतो. नायक-नायिका जवळ आली की पाऊस पाडावयाचा, ताटातूट झाली की झाडांची पाने गाळावयाची, हा प्रघात पुष्कळ लेखकांच्या अंगवळणी पडला आहे. यात कलेची हानी आहेच. पण आमच्या मते सत्याची हानी त्याहून मोठी आहे.

याचा पडताळा पाहावयास फार दूर जावयास नको. ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकडून नाणेघाट चढून गेले म्हणजे माथ्याशी सातवाहनांचे लेणे लागते. त्याच वंशातील हाल राजाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त वर्षाकाळाचे मेघ दिसताच प्रवासास गेलेल्या पतीच्या आठवणीने विरहिणी व्याकुळ होते. पावसाने वाटा बंद होण्यापूर्वी घर गाठणे हा त्या काळचा व्यवहार होता, आणि त्या व्यवहारातूनच ही व्याकुळता उपजली आहे.

आज त्याच घाटाखाली काय दिसते? शहापूर-मुरबाडकडील कित्येक कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. शहापूर तालुक्यातील तानसा तलाव १८९२ साली पुरा झाला. त्याचे व भातसा धरणाचे पाणी मुंबईस जाते, आणि त्याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. येथील दोन तरुण जीवांची ओळख आवणीच्या चिखलात होईल, तर दिवाळी सरताच दोन घरे दोन भट्ट्यांची वाट धरतील. त्यांचा विरह ऋतूच ठरवितो.

कोणी म्हणेल, प्रेमकथेत हालअपेष्टांचा पाढा कशाला? आक्षेप अगदीच निराधार नाही. माहुलीच्या सुळक्यांवर उतरणारे ढग आणि फाल्गुनात पेटलेला पळस कष्टकऱ्यालाही सुंदर दिसतात. त्याला केवळ दीन म्हणून रंगविणे हेही असत्यच होय. मात्र ज्या पावसात शहरचा पाहुणा भिजण्याचे सुख घेतो, त्याच पावसाकडे तो कष्टकरी आशेने आणि धास्तीनेही पाहतो. या दोन्ही भावना ज्याला दिसल्या, त्यानेच तेथील पाऊस आपल्या कथेत आणावा. परक्याच्या जगण्यातून केवळ शोभा उचलून घेणे आणि त्याचे सुखदुःख मागे टाकून येणे, यास आम्ही रसिकता म्हणू शकत नाही.