बार उडाल्यानंतरचे काम

काळ्या दारूचा बार उडाला की सगळी दारू हवेत विरत नाही. जळालेल्या दारूचे निम्म्याहून अधिक वजन घनरूपातच राहते. त्यातले काही पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेले बंदुकीच्या नळीच्या आतल्या अंगाला चिकटते. ही नुसती काजळी नसते. तिच्यात क्षार असतात आणि ते हवेतले पाणी ओढतात. श्रावणात अशी नळी रात्रभर तशीच ठेवली, तर सकाळी आत तांबूस गंज दिसायला लागतो.

विदर्भात ठासणीची बंदूक अजून कुठेकुठे आहे, ती शेतसंरक्षणाच्या परवान्यावर. 1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 13 मध्ये पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. हरभऱ्यात रानडुकरे शिरली, तुरीत रोही उतरले, की हवेत बार काढायचा. जनावर मारायचे, तर 1972 च्या वन्यजीव कायद्याची परवानगी लागते. म्हणजे बंदूक बहुतेक आवाजापुरतीच. पण आवाजापुरता बार काढला, तरी नळी तेवढीच घाण होते.

ती धुण्याची रीत जुनी आहे. आधी गज नळीत सोडून तो कुठवर जातो ते पाहायचे. पुरता तळाला गेला नाही, तर आत बार भरलेला आहे, आणि मग धुण्याचा विचारही करायचा नाही. नळी रिकामी असल्याची खात्री झाली की गरम पाणी, थोडा साबण आणि गजाला गुंडाळलेली चिंधी. पहिली चिंधी काळीकुट्ट निघते आणि तिला सडक्या अंड्याचा वास येतो; तो गंधकाचा. दुसरी राखाडी, मग फिकट. बार पेटवणारी टोपी बसते तिथले बारीक भोक तारेने मोकळे करावे लागते. नंतर नळी कोरडी करायची आणि शेवटी तेलाचा हात. घाईत तेल आधी लावणारे फसतात. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. वरून चकचकीत दिसणारी नळी आतून पोखरत राहते.

रिव्हॉल्वरमध्ये हेच काम सहापट. 1851 च्या कोल्टसारख्या टोपीच्या रिव्हॉल्वरला सहा घरे. प्रत्येक घर वेगळे धुवायचे, आणि मधल्या आसावर मळ साचला तर चक्र फिरायचेच थांबते. अमेरिकेत हौशी लोक अशा रिव्हॉल्वरच्या नव्या नकला बाळगतात आणि त्या धुण्यात संध्याकाळी घालवतात. आपल्याकडे ती हौसही परवान्याशिवाय नाही. कायद्याची सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला. पणजोबांची तलवार-बंदूक मिरवणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे: बंदूक निगुतीने जपली तर परवाना हवा, पार गंजू दिली तर नको.

खंडेनवमीला हीच बंदूक पाटावर येते. तिला हळदकुंकू लागते, फुले वाहिली जातात, पाण्याचे शिंतोडे उडतात. पूजा झाल्यावर ओले कुंकू लोखंडावरून पुसून तेल कोण लावतो, हे मात्र घराघरांत बघण्यासारखे. माझ्या मते शस्त्राविषयीचा खरा आदर त्या पुसण्यात दिसतो. बार काढणाऱ्याला त्याच रात्री, दमलेला असताना, चुलीवर पाणी ठेवावे लागते. एवढे काम मागे लागते म्हटल्यावर माणूस उगाच चाप ओढत नाही.

विदर्भातल्याच वर्धा जिल्ह्यात 1936 साली गांधीजी शेगावात राहायला आले. ते गाव पुढे सेवाग्राम झाले. आश्रमात संडाससफाई आश्रमवासीयांनीच करायची, हा नियम होता. अहिंसेच्या या गावाचे नाव बंदुकीबरोबर घेतले की लोक दचकतात. पण पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांचा प्रश्न गांधीजींनी टाळला नव्हता. 1946 साली ‘हरिजन’मध्ये त्यांनी शेतीसाठी त्यांना मारावे लागेल असे लिहिले, आणि त्यावर टीकाही ओढवून घेतली. मला मात्र त्या भूमिकेपेक्षा संडासाचा नियम ठासणीच्या बंदुकीच्या अधिक जवळचा वाटतो. दोन्हीकडे घाण करणारा आणि ती काढणारा एकच असतो.

सेवाग्रामपासून फार दूर नाही पुलगाव. तिथे लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. 31 मे 2016 च्या पहाटे तिथल्या आगीत जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. साठवलेल्या सुरुंगांतून पाझरणाऱ्या स्फोटकाची तेव्हा बरीच चर्चा झाली. म्हणजे एवढ्या मोठ्या कोठारातही प्रश्न देखभालीचाच. पुढे 20 नोव्हेंबर 2018 ला सोनेगाव (आबाजी) शिवारात कालबाह्य दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. त्यांत आसपासच्या गावांतून रोजंदारीवर आलेले मजूर होते. त्या गोळ्यांपैकी एकही त्यांनी कधी उडवला नव्हता, उडवणारही नव्हते. त्यांच्या वाट्याला आले होते ते फक्त मागचे आवरणे.