दळण, ओवी आणि साठावी पायरी

सिद्धीला किती काळ लागावा, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. मुंगी खोडावरून कणाकणाने चढत फळापर्यंत पोचते आणि पक्षी एका झेपेत त्याच फळावर जाऊन बसतो, एवढ्या निरीक्षणावरून आपल्या साधकांनी पिपीलिकामार्ग आणि विहंगममार्ग असे दोन पंथ कल्पिले आणि त्यांतील श्रेयस्कर कोणता याचा खल पिढ्यान् पिढ्या चालविला. तोच खल आज एका अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे देशोदेशींची असंख्य माणसे ज्यांच्या कल्पित भूमीत एकाच वेळी वावरतात अशा ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांच्या राज्यात, तितक्याच आवेशाने चालू आहे. फरक इतकाच की तेथे सिद्धीच्या पायरीला ‘लेव्हल’ म्हणतात आणि साधनेचा जमाखर्च सर्व्हरच्या दफ्तरात आकड्यांनी रुजू होतो. पहिल्या लेव्हलवरून शेवटच्या लेव्हलवर जाण्यास माणसाला किती दिवस लागावेत? प्रश्न पोरखेळाचा वाटतो खरा. परंतु कालाचे मोल काय, श्रमाचे फळ कोणते आणि मिळविलेल्यातले आपले किती, हे तीन पुरातन प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत.

या पायऱ्यांचे मूळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळावयाच्या खेळात आहे. त्यात प्रथमच अनुभवाला गुण देण्यात आले आणि ठराविक गुण साठले की पात्र एक पायरी चढू लागले. ज्या शब्दाला ज्ञानदेवांनी आपल्या ग्रंथाच्या नावातच अमृताची जोड दिली, तो ‘अनुभव’ येथे शेरापायलीने मोजण्याजोगा जिन्नस झाला. एकदा जिन्नस मोजता आला, की तो किती द्यावा आणि किती वेळाने द्यावा, याचे दर ठरविणारा कोणी तरी कारकून निर्माण होणे अपरिहार्यच होते.

१९९९ साली आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये हा कारकून फार कठोर होता. शेवटची लेव्हल ५० वी; तेथवर जाण्यास लोकांना महिनेच्या महिने लागत; मृत्यू आला तर कमावलेल्या अनुभवातील काही भाग जप्त होई, क्वचित चढलेली पायरीही हातची जाई, आणि आपले सामान ज्या जागी प्रेत पडले तेथून उघड्या अंगाने जाऊन आणावे लागे. ३०, ३५, ४० आणि ४५ या लेव्हली गणिताच्या सूत्रामुळे शेजारच्यांहून कितीतरी लांब झाल्या होत्या. खेळाडू त्यांना नरकाच्या लेव्हली म्हणत. आणि तरीही, त्या काळात खेळलेली माणसे आज या खेळाविषयी बोलतात ती तक्रारीच्या सुरात नव्हे, तर गाव सुटलेल्या माणसाने गावाविषयी बोलावे तशी. याचे कारण काय असावे?

एकच कृत्य पुनःपुन्हा करून अनुभव साठविण्याला हे खेळाडू ‘ग्राइंडिंग’ म्हणतात. मराठीत त्याला दळण हाच शब्द योग्य, कारण ‘तेच ते दळण’ ही तक्रारही आपल्याकडे तयारच आहे. मात्र या भाषेत दळणाला जो दुसरा अर्थ आहे तो त्या खेळाडूंच्या शब्दात नाही. पहाटेच्या अंधारात जात्याला बसलेल्या बाईने त्याच त्या फेऱ्यांत ओवी घातली; माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास हे सारे त्या खुंट्याभोवती फिरू लागले; आणि जनाबाईसंगे प्रत्यक्ष पांडुरंग दळू लागला, अशी कथा लोकांनी श्रद्धेने जतन केली. जाते तेच आणि दाणेही तेच, पण ओवी आल्याबरोबर वेठ सरली आणि साधना सुरू झाली. ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये पाचसहा जण एका ठिकाणी तळ ठोकून राक्षस पुन्हा प्रकट होण्याची वाट पाहत बसत, मांत्रिकाला तर खर्चलेली शक्ती भरून येईपर्यंत पोथी उघडून बसून राहावे लागे, आणि या सक्तीच्या रिकामपणात, टंकलिखित शब्दांनी का होईना, गप्पा होत, ओळखी जुळत, एकमेकांच्या स्वभावाची पारख होई. ती त्या दळणाची ओवी होती. पुढे ज्या खेळांनी वाट पाहणे हा दोष समजून काढून टाकला आणि अनोळखी सोबती यंत्राने क्षणात जमवून देण्याची सोय केली, त्यांनी दळण कमी केले हे खरे. पण ओवीची जागाही त्याबरोबरच गेली.

पतंजलीने अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी आवश्यक मानल्या: दीर्घ काल, नैरंतर्य आणि सत्कार, म्हणजे त्या कृतीविषयी मनात असलेला आदर. खेळ रचणाऱ्यांना पहिल्या दोन गोष्टींचे नियमन करता येते. तिसरी मात्र कोणत्याही सूत्रात बसत नाही. २००३ साली आइसलंडमधील मंडळींनी काढलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ने तर कौशल्याची वाढ थेट घड्याळावरच सोपविली, खेळाडू झोपला असला तरी त्याचे पात्र शिकतच राहते. तेथे काल आहे, नैरंतर्य आहे, केवळ साधक गैरहजर आहे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, दीर्घ कालाचा हा गौरव रिकामटेकड्यांच्या पथ्यावर पडतो; ज्याला नोकरी आहे, घरी तान्हे मूल आहे, त्याने रात्री उरलेल्या तासाभरात काय करावे? आक्षेप रास्त आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चाचणीत आरंभी असा नियम होता की, बराच वेळ खेळल्यावर अनुभवाची कमाई निम्म्यावर यावी. खेळाडू रुष्ट झाले. तेव्हा निर्मात्यांनी आकडेमोड तीच ठेवून नावे तेवढी बदलली: निम्म्याला पूर्ण म्हटले, आणि पूर्ण होते ते विश्रांती घेऊन आलेल्याला मिळणारे दुप्पट फळ ठरले. दंडाचा प्रसाद झाला आणि सर्वांचे समाधान झाले. दर तोच असताना भाव असा पालटतो, यावरूनच दिसते की, वाद तासांचा नसून त्या तासांकडे पाहण्याच्या दृष्टीचा आहे.

दीर्घ काल कोणाच्या हिताचा, हेही पाहिले पाहिजे. गुरू शिष्याला बारा वर्षे ठेवून घेतो तेव्हा त्याला महिन्याकाठी वर्गणी मिळत नसते; या खेळांचा कारभार मात्र दीर्घ काळ मासिक वर्गणीवर चालला, आणि ज्याची वाट लांब त्याची वसुलीही लांब. पुढे २०१४ साली ‘वॉरक्राफ्ट’च्याच दुकानात एका पात्राला एकदम ९० व्या लेव्हलवर नेऊन बसविण्याची सोय ६० डॉलरला विक्रीस निघाली. वाट लांबविणाराही तोच आणि ती टाळण्याचे मोल घेणाराही तोच, अशी स्थिती जेथे असते तेथे काठिण्याला तप म्हणणे भाबडेपणाचे होईल. असली वाट वेठबिगारीची, आणि असली झेप विहंगमाची नव्हे. पक्षी निदान स्वतःच्या पंखांनी उडतो.

‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या खेळात कोणत्याही कौशल्याची ९९ वी लेव्हल गाठण्यास १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि ९२ व्या लेव्हलला ते ६५,१७,२५३ असतात. म्हणजे ९९ पैकी ९२ पायऱ्या चढलेला मनुष्य खरे तर अर्ध्या वाटेवर असतो. याहून विलक्षण गोष्ट अशी की, ९९ नंतर लेव्हल वाढत नसतानाही काही जण दळतच राहतात आणि गुणांची मर्यादा येते त्या वीस कोटींपर्यंत जातात. यांतला कोण आसक्त आणि कोण निष्काम, हे आकड्यांवरून सांगता येणार नाही. बाहेरून दोघांचे जाते सारखेच फिरताना दिसते.

किती काळ लागावा, याचे उत्तर आमच्या मते एका फर्मानात सापडते. २०२० साली ‘वॉरक्राफ्ट’च्या चालकांनी फुगत गेलेल्या लेव्हली आवळल्या, १२० वर असलेले पात्र एका रात्रीत ५० वर आले. सनद रद्द झाली. पण दऱ्याखोऱ्यांची ओळख, अडचणीत धावून आलेल्या सोबत्याचे नाव, संकटात डोके शांत ठेवण्याची लागलेली सवय, यांतले काही आवळले गेले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१९ मध्ये, याच खेळाची २००४ मधली जुनी, संथ, ६० पायऱ्यांची वाट पुन्हा खुली झाली होती, आणि तिच्यावर पहिले पाऊल टाकण्यासाठी प्रौढ झालेली माणसे सर्व्हरच्या दारात तासन् तास रांगेत थांबली होती. साठावी पायरी ही त्यांच्या दृष्टीने नवलाई नव्हती; तिच्यावर काय आहे ते त्यांना ठाऊक होते.

फर्मानाने जे पुसले जात नाही ते अंगी मुरण्यास जेवढा काळ लागतो, तेवढा लेव्हलला लागावा. त्याहून अधिक घेतला तर ती वेठ, कमी घेतला तर ती खैरात. तो काळ किती, हे घड्याळाला विचारून उपयोग नाही. दळता दळता ओवी सुचते की नाही, हे ज्याचे त्यानेच पाहावयाचे आहे.