मधला माणूस

सुलतानपूरसारख्या गावात चार ओळी धड लिहिणाऱ्याला कामाचा तोटा नसतो. सोयाबीनच्या सुगीत दिवसभर रानात राबलेली वस्तीतली माणसं दिवेलागणीला दारात येतात. ‘भाऊ, घरकुलाचा अर्ज लिहून द्या ना.’ ‘नळाचं ग्रामसभेत तुम्हीच बोला, आम्हाले काय जमते?’ मी लिहून देतो, बोलतो. काम झालं की ती हात जोडतात. मला त्या जोडलेल्या हातांची गोडी लागली आहे का?

‘नाही’ हे उत्तर इतकं चटकन येतं की त्याचाच संशय वाटतो.

आपलं म्हणणं आपणच मांडणाऱ्यांचे दाखले मला तोंडपाठ आहेत. वर्तमानपत्रांतून पुरुष बायकांच्या वागण्याचा न्यायनिवाडा करत असताना आमच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून स्वतः जाब विचारला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केलं, कारण बहिष्कृतांची बाजू मांडायला त्यांचं स्वतःचं पत्र हवं होतं. प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. केंद्र सरकारच्या २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांना रेडिओ केंद्र काढता येऊ लागलं आणि माणदेशातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’वर गावच्या बायका बोलू लागल्या. हे मी इतरांना सांगतो. मग आमच्या वस्तीचा माइक माझ्याच हातात का?

वेळ नाही, ही पहिली सबब. लिहून देणं झटपट होतं, शिकवायला कित्येक संध्याकाळी जातात. दुसरी सबब, ती माणसं बोलताना भरकटतात. पण पाणी किती वाजता येतं, त्यासाठी कोणाला मजुरी बुडवून घरी थांबावं लागतं, कोणाची पोरगी शाळेला मुकते, हे सगळं त्या भरकटण्यातच असतं. माझ्या नीटनेटक्या अर्जातून नेमकं तेच गळतं आणि मागणीचा जोर जातो.

दोन्ही सबबींच्या तळाशी भीती आहे. आज सरपंचाला प्रश्न विचारायला शिकलेली बाई उद्या मलाही विचारेल, ‘भाऊ, आमच्या नावानं तुम्ही काय काय बोललात?’ हा प्रश्न मला नको आहे. मी अडलेल्यांना मदत करतो हे खरं; ती अडलेलीच राहिली तर माझं मोठेपण टिकतं, हेही तितकंच खरं.

पुढच्या ग्रामसभेत नळाचं वस्तीतल्या बायकाच मांडतील. त्याआधी मोबाइलवर आपलं बोलणं टिपून त्या एकमेकींना ऐकवतील, काय राहिलं ते आपसांत ठरवतील. ठराव इतिवृत्तात कसा लिहिला, तो मोठ्याने वाचून दाखवा, असं त्या सांगू शकतात. तेवढं मी समजावून देईन. सभेत मागच्या रांगेत बसेन. त्या अडखळल्या तरी मध्ये तोंड घालायचं नाही, हे स्वतःला आत्ताच बजावून ठेवतो आहे.