बचत आपली, भार कोणावर?

घरातील दिवा नीट लागत नाही, एवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून माणसाच्या विवेकाची परीक्षा होऊ शकते काय? रायपूरच्या आमच्या घरात ती झाली, म्हणून हे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही ६० वॅटचे पिवळे बल्ब काढून विजेची बचत करणारे सीएफएल दिवे बसविले. बटण दाबल्यावर पुरता उजेड यावयास मिनिटभर लागे. संध्याकाळी वाचावयास बसणारी माझी वृद्ध आई म्हणे, "या उजेडात अक्षरेच सापडत नाहीत रे!" खोक्यावर अनेक वर्षांचे आश्वासन असे, परंतु व्होल्टेज सतत वरखाली होणाऱ्या आमच्या गल्लीत कित्येक दिवे वर्षही काढीत नसत. पुढे एलईडी आले. त्यांतही प्रकाश देणारा भाग शाबूत असताना पुष्कळदा उष्णतेने आतील सर्किट निकामी होते आणि सबंध दिवा टाकून द्यावा लागतो. चिडून मी पुन्हा जुने बल्ब आणावयास निघालो होतो.

तथापि आपली गैरसोय ही हिशेबाची एकच बाजू होय. ६० वॅटच्या बल्बाऐवजी ९ वॅटचा एलईडी रोज पाच तास वापरला, तर वर्षाकाठी सुमारे ९३ युनिट वीज वाचते. ही वीज येते कोठून? आमच्या छत्तीसगडात मुख्यत्वे कोळशापासून. आशियातील मोठ्या खुल्या कोळसाखाणींत गणली जाणारी गेवरा खाण आणि मोठमोठी औष्णिक वीजकेंद्रे कोरबा जिल्ह्यात आहेत. तेथील रहिवासी कोळशाची धूळ व राख सोसतात, तेव्हा आपला दिवा लागतो. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी वितरित झाले. तेवढा भार हलका झाला, हे मान्य केले पाहिजे.

मग प्रश्न सुटला काय? एके दिवशी काढून ठेवलेला एक सीएफएल हातातून निसटून फुटला. मी काचा झाडूने गोळा केल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि कचऱ्यात टाकल्या. त्या नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो व त्याची वाफ श्वासावाटे शरीरात जाते, हे मला नंतर कळले. अशा वेळी खिडक्या उघडाव्यात, झाडू न वापरता जाड पुठ्ठ्याने तुकडे उचलून झाकणाच्या बरणीत बंद करावेत. २०१६ च्या नियमांनी हे दिवे ई-कचऱ्यात धरून वेगळे गोळा करावयास सांगितले होते. परंतु तोवर माझे पुडके कचरा वेचणाऱ्या कोणा बाईच्या उघड्या हातांत पडले असेल. हा विचार अद्याप मला सोडीत नाही.

जुन्या बल्बाचा हट्ट आणि नव्या दिव्याविषयीचा निष्काळजीपणा, या दोहोंत माझी चूक एकच होती. जो माझ्या दृष्टीआड होता, तो माझ्या हिशेबातही नव्हता. शेजारी केवळ भिंतीपलीकडे राहत नाही; एक आपल्या तारेच्या टोकाला राहतो, तर दुसरा आपल्या कचऱ्याच्या टोकाला. त्यांना वगळून केलेली बचत म्हणजे केवळ कमी झालेले बिल.

आता आईच्या खुर्चीजवळ पिवळसर छटेचा, अधिक उजेडाचा एलईडी आहे. बाद झालेले सीएफएल ई-कचरा केंद्रात देण्यासाठी डब्यात जपून ठेवले आहेत. दिवे अजूनही अवेळी जातात आणि मी अजूनही चिडतो. परंतु वाचकहो, नवा दिवा लावताना जुना कोणाच्या हातात जाणार, हे आधी स्वतःस विचारावयास मी शिकलो आहे. आपणही विचारून पाहावे.