दगड कुणाला लागला?

परवा अभ्यासवर्ग संपल्यावर एका पोरानं मला अडवलं. म्हणाला, "काका, तुम्ही सिनेमावेडे. तुमचे आवडते पाच सिनेमे सांगा." मी सांगितले. 'सुजाता', 'सद्गती', 'अंकुर', 'फँड्री', 'कोर्ट'. पोरगं हसलं. "यातला 'फँड्री' सोडला तर आपल्यातल्या माणसानं काढलेला एक तरी आहे का? दुःख आपलं, कॅमेरा त्यांचा, बक्षिसं पण त्यांचीच. आणि तुम्ही तिकीट काढून रडायला जाता."

मला राग आला. घरी येईपर्यंत राग उतरला आणि प्रश्न उरला. पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. पडद्यावर आपला माणूस मार खातो आणि खुर्चीतला सवर्ण डोळे पुसतो. त्या रडण्याचं आपण काय करायचं? त्यानं कुणाचं भलं झालं? आणि तोच सिनेमा मलाही आवडत असेल, तर मी कुणाच्या बाजूला बसलोय? हा प्रश्न सिनेमाचा कमी आणि नीतीचा जास्त आहे, म्हणून इथं लिहितोय. समीक्षा लिहीत नाही. ती मला येत नाही.

'सुजाता'पासून सुरुवात करतो. १९५९ सालचा, बिमल रॉय यांचा. मी तो फार नंतर पाहिला, १९८५-८६ च्या सुमाराला, दूरदर्शनवर, एका रविवारी संध्याकाळी. गावात टीव्ही एकच, तोही वाड्यात. आम्ही बौद्धवाड्यातली पोरं बाहेर अंगणात उभी राहून खिडकीच्या गजांतून बघायचो. त्या दिवशी मला शोधत आई आली आणि तीही तिथंच उभी राहिली. आत वाड्यातल्या बाया बसलेल्या. पडद्यावर नूतन. अस्पृश्याची पोर, वरच्या जातीच्या घरात वाढलेली. पण घरची बाई तिला लेक म्हणत नाही, लेकीसारखी म्हणते. त्या 'सारखी'त सगळं आलं. शेवटी ती बाई जिन्यावरून पडते, रक्त लागतं, आणि जुळतं ते सुजाताचंच. तेव्हा कुठं ती लेक होते. आतल्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मीही रडलो. खोटं कशाला सांगू?

सिनेमा संपला. त्यातलीच एक बाई बाहेर आली. डोळे अजून ओलेच. म्हणाली, "सरका रे पोरांनो, लांब व्हा." आणि आम्ही उभे होतो त्या जागेवर तिनं तांब्यानं पाणी मारलं.

वाटेनं आई गप्प होती. वेशीपाशी आल्यावर म्हणाली, "रगात दिलं तवा लेक झाली व्हय? आन् नसतं जुळलं मंग?"

माझी आई शाळेत गेलेली नव्हती. पण तिनं जो प्रश्न केला तो मला पुढं कुठल्याही परीक्षणात सापडला नाही. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला आधी रक्त द्यायचं, मग घरात घ्यायचं. 'सुजाता' तिथं अडकतो. तरी तो माझ्या यादीत आहे, कारण त्यानं मला एक गोष्ट कायमची शिकवली. त्या बाईचं रडणं खोटं नव्हतं. ती खरंच रडली. आणि तिनं खरंच पाणी मारलं. दोन्ही एकाच बाईनं, एकाच संध्याकाळी. तेव्हापासून कुणी आपल्यासाठी रडला की मी त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, हाताकडे बघतो.

ते पाणी मला पुन्हा दिसलं 'सद्गती'त. प्रेमचंदांची कथा, सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराच्या आतला सिनेमा. दुखी चांभार पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला बामणाच्या दारी जातो. तापातून नुकताच उठलेला, पोटात अन्न नाही. बामण त्याला एक गाठाळ ओंडका फोडायला लावतो. ओंडका फुटत नाही, दुखी मरतो. आता प्रेत पडलंय वाटेवर. आणि इथं ती गोष्ट घडते जिच्यासाठी मी हा सिनेमा इतक्यांदा पाहिला. चांभारवाडा प्रेत उचलायला येत नाही. एक गोंड त्यांना सावध करतो आणि ते हलत नाहीत. पावसात प्रेत तसंच पडून राहतं. शेवटी बामणालाच दोरीचा फास टाकून, अंगाला अंग न लागू देता, ते प्रेत गुरांच्या सांगाड्यांपर्यंत ओढत न्यावं लागतं. परत येऊन तो त्या जागेवर पाणी शिंपडतो.

लोक म्हणतात, किती निराशेचा सिनेमा! मला तसं वाटत नाही. बामण प्रेत ओढतोय. पिढ्यान् पिढ्या जे काम आपल्या गळ्यात मारलं होतं ते त्याच्या गळ्यात आलंय. का? तर वाड्यानं हात लावायला नकार दिला म्हणून. मेलेली ढोरं ओढायची नाहीत हे १९२७ च्या महाड परिषदेनंतर आपल्या आज्या-पणज्यांनी ठरवलं, त्यापायी बहिष्कार सोसले, बलुतं बुडालं. 'सद्गती' बघताना मला ते आठवतं. दुखीला त्यात बंड करता येत नाही. पण वाड्यानं घरातून बाहेर न पडणं हेही बंडच आहे. राय यांनी त्यावर भाषण दिलेलं नाही, नुसती रिकामी वाट दाखवली. मला ती पुरते.

'अंकुर' १९७४ चा. श्याम बेनेगल. हैदराबादेकडचं खेडं, जमीनदाराचा शिकलेला पोरगा सूर्या, त्याच्या घरी राबणारी लक्ष्मी आणि तिचा मुकाबहिरा नवरा किष्टय्या. सूर्या तिच्या हातचा चहा पितो, तिच्याशी झोपतो, आणि पोट राहिल्यावर हात झटकतो. काम मागायला आलेल्या किष्टय्याला भीतीपोटी चाबकानं फोडून काढतो. लक्ष्मी शिव्याशाप देते. सूर्या आत जाऊन दार लावून घेतो. आणि एक बारकं पोरगं दगड उचलतं, त्याच्या खिडकीवर मारतं, पळून जातं. पडदा लालभडक.

कॉलेजच्या दिवसांत हा दगड बघून आम्ही हॉस्टेलातली पोरं खुर्च्यांवर उभी राहिलो होतो. आज विचार करतो तेव्हा एक अडचण दिसते. तो दगड जमीनदाराच्या काचेला लागला. आपण सगळे त्या पोराच्या बाजूला. वाड्यातला प्रेक्षकही त्या पोराच्याच बाजूला! थेटरातून बाहेर पडताना ज्याला त्याला वाटतं, जमीनदार वाईट, मी चांगला. दगड मारल्याचं समाधान फुकटात मिळतं. यात बेनेगलांचा दोष काढत नाही. दगडाची दिशा सांगतोय.

दिशा बदलायला एकोणचाळीस वर्षं लागली. २०१३ साली नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' केला. आपल्याकडं थेटरात लागला २०१४ च्या फेब्रुवारीत. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले, म्हणजे ज्यांच्या बापजाद्यांनी दगड फोडण्यात हाडं झिजवली त्यांच्यातले. सिनेमातला जब्या कैकाडी. शाळेत जातो, काळी चिमणी शोधतो, वर्गातल्या शालूवर जीव लावतो. गावातली डुकरं धरायचं काम त्याच्या बापाच्या गळ्यात पडलंय. डुकराच्या मागं सगळं घर धावतंय, गाव भिंतीवर बसून मजा बघतंय, शालूही बघतेय. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं घर जागच्या जागी ताठ उभं. डुक्कर निघून जातं. पुढं डुक्कर धरून, काठीला बांधून ते शाळेच्या भिंतीवरून नेतात आणि भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र. शेवटी जब्या दगड उचलतो. एक दगड सरळ कॅमेऱ्याकडं येतो. पडदा काळा.

म्हणजे तो दगड खुर्चीत बसलेल्याला मारलाय. सगळ्यांनी लिहिलं, सवर्णांना मारलेला दगड. मीही दोन दिवस तसंच म्हणत हिंडलो. तिसऱ्या रात्री झोप लागेना.

आमच्या वर्गात एक कैकाड्याचा पोरगा होता. त्याच्या घरची डुकरं होती. तो आमच्याही मागं बसायचा, पार शेवटी, भिंतीला टेकून. मधल्या सुट्टीत वाड्यातली पोरं आम्हाला जातीवरून बोलायची आणि आम्ही बौद्धवाड्यातली पोरं वळून त्याला बोलायचो. डुकरासारखा आवाज काढायचो. मी सगळ्यात चांगला काढायचो. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण इथं लिहीत नाही. आता त्याला माझ्या लेखाचा तरी त्रास नको.

बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ते आपल्याला पाठ आहे. भाषणात आपण ते वरच्या पायऱ्यांबद्दल बोलतो. पण श्रेणी म्हटल्यावर आपल्या पायाखालीही पायरी असते, आणि तिच्यावर कुणीतरी उभं असतं. 'फँड्री'तला दगड मला लागला तो या जागी. खिडकीच्या गजाबाहेर उभा राहून मी जो अपमान गिळला, तोच मी मधल्या सुट्टीत दुसऱ्याला वाढला होता. हे मला माझ्या बाजूच्या माणसानंच दाखवलं. बाहेरच्या कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच जातीयवादी म्हणून मोकळा झालो असतो.

आता 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे यांचा, २०१४ चा, थेटरात लागला २०१५ साली. त्यातल्या म्हाताऱ्या लोकशाहीर नारायण कांबळेचं काम नागपूरचे वीरा साथीदार यांनी केलं. साथीदार पेशानं नट नव्हते. 'विद्रोही' मासिक चालवणारे, चळवळीतले कार्यकर्ते. एप्रिल २०२१ मध्ये करोनानं गेले. सिनेमात शाहिरावर आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. मग त्या कामगाराच्या बायकोची साक्ष होते. ती रडत नाही. सरळ आवाजात सांगते. वासानं जीव नको व्हायचा म्हणून प्यायचा. एक डोळा गेला होता. आणि आत उतरण्याआधी दगड टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर समजायचा की आत हवा आहे, उतरायला हरकत नाही.

हा तिसरा दगड. हा कुणाला मारलेला नाही. मरण आहे का नाही ते बघायला टाकलेला आहे. मला वाटतं आपल्या सिनेमात याहून जड दगड नसेल. मैला वाहायला माणूस लावायचा नाही असा नवा कायदा २०१३ साली झाला. गटारात माणूस मेला तर दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं. २०२३ साली त्याचे तीस लाख केले. तरी माणसं उतरतात आणि मरतात. त्या साक्षीनंतर थेटरात कुणी हुंदका दिला नाही. देता येत नाही. ती बाई तुमच्याकडं दया मागतच नाही, ती माहिती देते. तिची माहिती ऐकल्यावर तुम्हाला काहीतरी करायचं उरतं. डोळे पुसून ते संपत नाही.

आता त्या पोराला उत्तर देतो.

दोस्ता, सिनेमा कुणी काढला हे विचारलंच पाहिजे. 'सुजाता' १९५९ चा आणि 'फँड्री' २०१३ चा. मधली चोपन्न वर्षं कॅमेरा कुणाच्या हातात होता, पैसा कुणाचा होता, कुणाला आत घेतलं आणि कुणाला गजाबाहेर उभं केलं, याचा हिशेब मागायचा आपला हक्क आहे. तो सोडू नकोस. आणि 'फँड्री'तला शेवटचा दगड जिथून आला, तिथं जगलेल्या माणसाशिवाय तो येणं अवघड होतं, हेही मला पटतं.

पण तेवढ्यावर थांबलास तर तुझं काम फार सोपं होईल. जात विचारली, शिक्का मारला, मोकळा. मी जातीच्या पुढं दोन प्रश्न आणखी विचारतो. एक, या सिनेमातला खालचा माणूस स्वतः काही करतो का, का नुसता दुसऱ्यांनी चांगलं व्हावं म्हणून मरतो? 'सद्गती'तला वाडा घरात बसून करतो, 'कोर्ट'मधली बाई बोलून करते. सुजाता रक्त देते, पण तिच्या रक्तानं चांगली होते ती दुसरीच बाई. दुसरा प्रश्न, थेटरातून बाहेर पडताना मी हलका झालो का जड झालो? हलका झालो तर तो सिनेमा बरा असेल, गाणी गोड असतील. माझ्या कामाचा नाही.

आणि हे प्रश्न फक्त सवर्ण प्रेक्षकाला नाहीत. मलाही आहेत, तुलाही आहेत. आपल्या वस्तीच्या टोकाला कैकाड्यांची घरं आहेत. जयंतीला आपण त्यांच्याकडनं वर्गणी घेतो. पावती देतो. आजवर एकदाही बैठकीला बोलावलं नाही. मी पंचवीस वर्षं त्या बैठकांना बसलोय आणि मला हे सुचलं नाही, 'फँड्री' बघून सुद्धा पुरतं सुचलं नाही. तू मला अडवलंस म्हणून लिहायला बसलो आणि लिहिता लिहिता सुचलं. म्हणजे माझंही रडणं त्या बाईच्या रडण्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. फक्त माझ्या हातात तांब्या नव्हता, पावतीपुस्तक होतं.

येत्या रविवारी बैठक आहे. शनिवारी संध्याकाळी मी त्या घरांकडं जाणार आहे, बोलवायला. ते येतील असं नाही. माझ्याकडं बघून हसतील, किंवा दार लावून घेतील. तसा त्यांचा हक्क आहे. सहाला पिंपळाखाली थांबतो. येतोस का?

जयभीम.