उंबरा

आमच्या घराचा उंबरा सागवानी होता, 6 इंच उंच. आईनं जन्मभर त्याला हळदकुंकू वाहिलं. माझ्या नातवाचे पाय जन्मापासून अधू. चाकाच्या खुर्चीत बसून घरात फिरतो, पण उंबऱ्याशी आला की अडायचा. "आबा, उचला की!" मी उचलायचो. त्यालाच माया समजायचो.

नववं वरीस लागलं, तसा एक दिवस हाक न मारताच सरकत उंबरा ओलांडायला गेला अन् ओट्यावरून खाली पडला. कपाळाला खोक पडली. मी ओरडलो, तर म्हणतो, "लघवीला जायचं तरी तुमचीच वाट बघायची का?"

रात्रभर झोप आली नाही. उचलण्यात माझी माया होती, तसा माझा सोयीस्करपणाही होता. पोर नजरेखाली राहत होतं. पण जपणं कुठं संपतं अन् कोंडणं कुठं सुरू होतं? आम्ही पोरपणी झाडावरून पडलो, विहिरीत उड्या टाकल्या. आम्हाला कुणी घरात डांबलं नव्हतं.

गवंडी बोलावला. उंबरा काढला. उताराला उंचीच्या बारापट लांबी लागते. ओटा दीड फूट, म्हणजे उतार 18 फूट. अंगणात वळवून घेतला, वरून खरबरीत ठेवला, कडेला कठडा केला. संडासात धरायला दांडा बसवला. भावकी म्हणाली, उंबरा काढलेल्या घरात लक्ष्मी टिकत नाही. मी म्हणालो, घरचं लेकरू जिथं अडतं, तिथं ती तरी कशी येईल?

अजूनही तो कधी कधी पडतो. मी अर्धा उठतो, पुन्हा खाली बसतो. हे बसणं मला त्याला उचलण्यापेक्षा जड जातं.